एलडीएचचं सँपल गावाहून आणताय? आधी हे वाचा

गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन ज्यांचं झालंय किंवा ठरलंय, त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहितोय, कारण आमच्या लॅबच्या काउंटरवर एलडीएच या रक्ततपासणीबद्दल रोज तेच प्रश्न येतात आणि त्यावरूनच वादही होतात.

उपाशीपोटी यायची गरज नाही, चहा-पोहे खाऊन या. सोबत शुगर नाहीतर लिपिड लिहिलं असेल तर तेवढं डॉक्टरांना विचारा.

एलडीएच हे एन्झाइम शरीरातल्या जवळपास सगळ्याच पेशींत असतं. कॅन्सरच्या पेशी ते जास्त वापरतात आणि पेशी फुटल्या की ते रक्तात उतरतं, म्हणून डॉक्टर ऑपरेशनआधीचा आकडा घेऊन ठेवतात आणि नंतरचे आकडे त्याच्याशी ताडून बघतात. पण लिव्हर, हृदय, स्नायू यांना इजा झाली तरी ते वाढतं, ऑपरेशनच्या जखमेनेही वाढतं, त्यामुळे आकडा वाढला म्हणजे आजार परत आला असं घरी बसून ठरवू नका प्लीज. या कॅन्सरच्या स्क्वॅमस (चपट्या पेशींपासून होणाऱ्या) प्रकारात एससीसी अँटिजेन हा जास्त नेमका मार्कर, म्हणजे रक्तात दिसणारी आजाराची खूण, आहे, एलडीएच त्याच्या जोडीला बघतात, आणि खरा निर्णय तपासणी, स्कॅन आणि बायॉप्सीवरच होतो.

आता मुख्य मुद्दा, सँपलचा. सुरगाणा, कळवण, मनमाडकडून लोक गावातच रक्त काढून बल्ब (रक्ताची छोटी नळी) बर्फाच्या पिशवीत घालून एसटीने आणतात. आम्ही सेंट्रिफ्यूज मशीनमध्ये गरगर फिरवलं की वर स्वच्छ पिवळं सिरम, म्हणजे रक्तातलं पाणी, यायला हवं, पण येतं लालसर. लाल पेशींत एलडीएच सिरमच्या शंभरपटीहून जास्त असतं, थोड्या पेशी फुटल्या तरी आकडा खोटा वाढतो आणि घरात रडारड सुरू होते. बारीक सुईने जोरात ओढलं, सुई न काढताच बल्बमध्ये दाबून सोडलं, बल्ब खळाखळा हलवला, तासन्तास न फिरवता ठेवला, किंवा बर्फाला चिकटून रक्ताचाच बर्फ झाला, की पेशी फुटतात. शिवाय एलडीएचचे काही प्रकार थंडीत टिकत नाहीत, त्यामुळे फ्रीजमध्ये ठेवलेल्या सिरमचा आकडा उलट कमीही येऊ शकतो.

म्हणून लालसर सँपलवर आम्ही एलडीएच लावत नाही. लोक चिडतात, दुसरीकडे लगेच रिपोर्ट मिळतो म्हणतात, मिळतही असेल, पण ज्या आकड्यावर पुढचे स्कॅन ठरणार तो चुकीचा छापून द्यायला आमचं मन होत नाही. रक्त आम्ही काढलेलं असेल आणि तरी सँपल खराब निघालं तर परत पैसे घेत नाही.

जमलं तर पेशंटलाच घेऊन या. केमो झालेल्यांच्या शिरा बारीक होतात, आमची टेक्निशियन घाई न करता काढते. नाशिक शहरात, पंचवटीपासून सातपूरपर्यंत, घरीही येतो. गावाहूनच पाठवायचं असेल तर जिथे सेंट्रिफ्यूज आहे तिथेच रक्त काढून घ्या, सिरम वेगळं करून वेगळ्या बल्बमध्ये, बर्फाशिवाय, त्याच दिवशी पाठवा.

अजून एक, लॅब मधेच बदलू नका. एका पद्धतीत एलडीएच नॉर्मल साधारण 225 युनिटपर्यंत असतं तर दुसऱ्या जुन्या पद्धतीत 460 पर्यंत, दोन कागद शेजारी ठेवून दुप्पट झालं म्हणून घाबरलेले लोक आमच्याकडे येतात. जुने सगळे रिपोर्ट फाइलसकट आणा, आणि मधे रक्त चढवलं असेल तर त्याची तारीख काउंटरवर आठवणीने सांगा.