पाळीवर फिरायला जाता, ती पाळ आली कुठून?

कोकणात बंदराच्या धक्क्यावर लोक संध्याकाळी जाऊन बसतात ना, तसं आमच्या भंडारा-गोंदियाकडं तलावाच्या पाळीवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधावर, बसतात. पहाटे पोलीस भरतीवाली पोरं धावतात, ऊन उतरलं की बाया फिरायला निघतात, मोबाईलवाले तर अंधार पडला तरी हलत नाहीत, आणि राखीनंतर भुजली, म्हणजे टोपलीत उगवलेले गव्हाचे अंकुर, शिरवायला अख्खं गाव तिथंच.

पण पाळ बांधली ती धानासाठी, म्हणजे भातशेतीसाठी. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी जंगल तोडून तलाव काढले, जो तलाव बांधेल त्याला जमीन असा तो व्यवहार. गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधचा तलाव १८व्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. चहूकडं डोंगर, मधे मोकळी राहिलेली जागा तेवढी मातीनं बुजवली आणि पाणी अडलं. ऐकायला सोपं वाटते, पण ना मशीन ना सिमेंट, आणि पाणी आजही थांबून आहे! जास्तीचं पाणी निघून जायला बाजूला सलंग म्हणजे सांडवा ठेवायचे, आणि धानाला पाणी सोडायला पाळीच्या पोटात तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार.

इंग्रजांनी गावोगावी मालगुजार, म्हणजे सारा वसूल करणारे जमीनमालक केले, तलाव त्यांच्या नावावर चढले. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि माजी मालगुजारीचे झाले 'मामा तलाव'. पूर्व विदर्भात असे सहा हजारांच्या वर आहेत. आधी उन्हाळ्यात लोक तलावातली गाद म्हणजे गाळ काढून शेतात टाकायचे, तलाव खोल राहायचा न् शेतालाही खत, ते हळूहळू सुटलं. मग तलाव उथळ झाले, काठानं बेशरमची झुडपं माजली, ढिवर भावांच्या जाळ्यात मासोळी कमी झाली.

आता नवेगावबांधला १९७५ पासून राष्ट्रीय उद्यान, २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प, म्हणून पर्यटक येतात, चांगलंच आहे. त्याचं पाहून गावोगावी सौंदर्यीकरण निघालं, पाळीवर पेव्हर ब्लॉक, बाकडे, सेल्फी पॉइंट. बसायला मलाही आवडते, पण पैसा आधी गाद काढण्यावर न् तुडूम दुरुस्तीवर जायला पाहिजे, बाकडं नंतर.

मागच्या पावसाळ्यात आमच्या पाळीवर बाईकच्या चाकोरीतून पाणी वाहून तुडूमाजवळ हातभर घळ पडली. शेजारचे म्हातारे काका ओरडत आले, "पाळ फुटली तं धान जाते बाबू!" भरतीवाल्या पोरांनी धावणं सोडून टोपल्यांनी माती टाकली, दुपारपर्यंत घळ बुजली.