पाणी आटल्यावर फुलणारी झुडपं

रानफुलं बघायची तर श्रावण-भाद्रपदात मसाई पठार गाठायचं, हे कोल्हापूरकराला सांगावं लागत नाही. पण जोतिबाची चैत्र यात्रा तोंडावर आलेली असताना राधानगरी-दाजीपूरकडचा एखादा ओढा धरून सावकाश वर चालून बघा. सोबत मित्र असावेत, आणि घाई कुणालाच नसावी. डोंगर वाळलेला असतो, ओढ्याचा काठ मात्र फुललेला.

पाऊस जाऊन सहा महिने झाले, तरी खडकातून पाणी झिरपत असतं. त्याचं कारण पायाखाली आहे. या डोंगरांच्या माथ्यावर जांभा दगड आहे आणि त्याखाली काळा बेसाल्ट. जांभा सच्छिद्र, त्यामुळे पावसाचं पाणी त्यात मुरतं. खालच्या घट्ट बेसाल्टमधून ते सहज उतरत नाही, म्हणून आडवं सरकत डोंगराच्या कुशीतून झऱ्याच्या रूपानं बाहेर पडतं. उन्हाळी ओढा म्हणजे गेल्या पावसाळ्याचंच पाणी.

या पाण्यात पाय रोवून उभी असते ती शेरणी. मला हे झुडूप फार मोलाचं वाटतं. गगनबावड्याच्या पट्ट्यात वर्षाला सुमारे 5000 मिलिमीटर पाऊस पडतो. तो सगळा लोंढा अशाच ओढ्यांतून धावतो आणि शेरणी तेव्हा अख्खी पाण्याखाली जाते. तरी ती मोडत नाही. तिची पानं अरुंद, लांबट असल्यानं पाण्याला अडत नाहीत. फांद्या चिवट आहेत, प्रवाहाबरोबर वाकतात. मुळं खडकांच्या फटीत घट्ट शिरलेली असतात. वेगवान प्रवाहात जगणाऱ्या अशा वनस्पतींना शास्त्रज्ञ ‘रिओफाइट’ म्हणतात. पुरात फूल टिकणार नाही आणि परागीभवनही होणार नाही, म्हणून फुलण्याचं काम पाणी उतरल्यावर, कोरड्या महिन्यांत. तिच्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, म्हणून एकच झुडूप बघून पुढे जाऊ नका. खडकांत जांभळट गुलाबी फुलांची माचीण दिसली तर तीही याच पंथातली.

काठावर जरा वर धायटी असते. तिचा लाल रंग पाकळ्यांचा नसून नळीसारख्या पुष्पकोशाचा असतो. आत भरपूर मध, त्यामुळे शिंजीर पक्षी तिथून हलत नाहीत. आसव-अरिष्टं आंबवताना वैद्य हीच फुलं घालतात. सावलीत अंजनीच्या फांद्यांना निळे झुबके लागलेले दिसतील. तिथे थोडं बसाच.

एक गोष्ट मात्र सलते. पावसाळ्याआधी ओढे साफ करायचे म्हणून गावोगावी यंत्र लावून पात्रातली झुडपं उपटली जातात आणि शेरणी कचऱ्यात जाते. तिच्या मुळांनी धरून ठेवलेली काठाची माती मग पहिल्याच मोठ्या पाण्याबरोबर खालच्या शेतात उतरते.