बोटीवरचं घड्याळ आणि कोकणातली हवा

डायव्हिंगचं जुनं घड्याळ वारशाने हातात आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे घालून अजून समुद्रात उतरता येईल का? कोकणात तरी मी आधी दुसरा प्रश्न विचारीन. हे इथल्या हवेत टिकेल का?

रत्नागिरी-सिंधुदुर्गात बोटीवर नोकरी केलेली माणसं गावोगाव आहेत. सिंगापूरहून, जपानी बंदरांतून, आखातातून त्यांनी आणलेल्या वस्तूंपैकी ट्रान्झिस्टर कधीच मोडीत गेले, घड्याळं मात्र राहिली. आमच्याकडे मोठ्या काकांचं सेको ६३०९ आलं. जाड पोलादी केस, चार वाजण्याच्या जागी पेच असलेली चावी, तबकडीवर १५० मीटरचा आकडा. हे मॉडेल १९७६पासून पुढे दहा-बारा वर्षं निघत होतं. मागच्या झाकणावरच्या क्रमांकाचा पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक असतो आणि दुसरा महिन्याचा. ७९ने सुरुवात असेल तर सप्टेंबर १९७७ किंवा १९८७. यातलं नेमकं दशक कोणतं, हे तबकडी आणि आतले भाग पाहून ठरवावं लागतं.

तबकडीवरचे ते १५० मीटर म्हणजे काय, हे आधी नीट समजून घेऊ. दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटरने वाढतो. काचेचा व्यास ३० मिलिमीटर धरला तर तिचं क्षेत्रफळ सुमारे सात चौरस सेंटिमीटर होतं. म्हणजे १५० मीटरवर त्या एवढ्याशा काचेवर शंभर किलोंहून अधिक भार पडतो. तारकर्लीला पर्यटकांना सहसा दहा मीटरच्या आतच पाण्याखाली नेतात, तिथे तोच भार सात किलोंपेक्षा कमी. हिशेब सरळ वाटतो: १५० मीटर सोसणारं घड्याळ दहा मीटर सहज सोसेल. जुन्या घड्याळाला मात्र हा हिशेब लागू पडत नाही, आणि त्याचं कारण आतल्या रबरात आहे.

पाणी आत येऊ शकतं अशा जागा तीन: मागचं झाकण, काचेची कड आणि चावीची दांडी. तिन्ही ठिकाणी रबराची कडी असते. गोल छेदाची ही कडी, ओ-रिंग, नील्स ख्रिस्टेन्सेन या डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या यंत्रकाराने रूढ केली. पेटंटसाठी त्याने १९३७मध्ये अर्ज केला. तिची खुबी अशी की बाहेरून दाब आला की ती खाचेत फटीच्या बाजूला ढकलली जाते आणि फट अधिक घट्ट बंद करते. पाण्याचा जोर जितका मोठा तितकी तिची पकड पक्की. झाकण आणि काचसुद्धा दाबाखाली आत, आपापल्या बैठकीवर रेटल्या जातात.

दाब नसतो तेव्हा काय होतं? तेव्हा फट बंद राहते ती केवळ रबराच्या स्वतःच्या ताणामुळे. दोन धातूंमध्ये चेपलेलं रबर परत फुगायला बघतं आणि त्या ओढीवर सगळं तोललेलं असतं. उष्णता, ऑक्सिजन आणि ओझोन वर्षानुवर्षं रबराच्या रेणूंच्या साखळ्यांमध्ये नवे सांधे घालत राहतात. रबर कडक होतं, चेपलेल्या आकारातच कायमचं बसतं. काकांच्या घड्याळाच्या झाकणाखालची कडी बोटांनी वाकवताच तिचे तुकडे पडले. अशी कडी खोल पाण्यात कदाचित तगूनही जाईल, पण विहिरीवर हात धुताना, होडी ओढताना, पावसात भिजताना तिच्या बाजूने पाणी मुकाट आत झिरपतं. म्हणून १५० मीटर हा आकडा घड्याळ कारखान्यातून निघालं त्या दिवसाचा समजावा. रबर बदलून चाचणी होईपर्यंत तो विसरावा.

आता हवेकडे येऊ. जुलैत किनाऱ्यावर ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता ही नेहमीची गोष्ट. पोलादावर गंज वेगाने धरतो तो साधारण ६०-७० टक्क्यांच्या वर. घड्याळजीने अशा दिवशी उघड्या दुकानात मशीन साफ केलं, नव्या कड्या घातल्या आणि झाकण आवळलं, तर त्याने तीच दमट हवा आत कोंडली. कडी जितकी चांगली तितका तो दमटपणा आत टिकणार. तेच झाकण २४ अंशांच्या, ५० टक्के आर्द्रतेच्या वातानुकूलित खोलीत लावलं, तर मनगटाच्या उबेने ती हवा ३२ अंशांवर जाते आणि तिची आर्द्रता ३२-३३ टक्क्यांवर उतरते. बाष्प तेवढंच, पण गंज धरायला ते पुरत नाही. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे: घड्याळ पावसाळ्यात उघडायला देऊ नका. दिवाळीनंतर द्या, किंवा वातानुकूलित खोलीत काम करणाऱ्याकडे द्या.

मीठ हा या हवेचा जोडीदार. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तसंच घड्याळाच्या कोपऱ्यातल्या मिठाचं होतं. शुद्ध मीठ ७५ टक्के आर्द्रतेला हवेतलं पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं, ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं होतं. म्हणजे समुद्रावरून आलेलं, गोड्या पाण्याने न धुतलेलं घड्याळ कपाटात कोरडं दिसलं तरी त्याच्या सांध्यांत खारट पाण्याचा थर जागा असतो.

पण पोलाद तर स्टेनलेस आहे ना? ते गंजत नाही याचं कारण क्रोमियम. त्याच्या ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा पृष्ठभागावर असतो, आणि ओरखडा गेला तरी हवेतला ऑक्सिजन मिळताच तो पुन्हा तयार होतो. क्लोराइड हाच पापुद्रा जागोजागी फोडतं. रबराखालच्या चिंचोळ्या फटीत ऑक्सिजन पोचत नाही, पापुद्रा सांधत नाही, आतला द्रव आम्लधर्मी होत जातो आणि धातूला खड्डे पडतात. बाहेरून चकचकीत घड्याळाच्या झाकणाच्या आट्यांजवळ नेमके असे खड्डे सापडतात. ३१६एल या पोलादात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, त्याने हे बरंच रोखलं जातं, पण पूर्ण नाही. खड्डा रबराच्या बैठकीवरच असेल तर नवी कडीही गळणार. तिथे लेझरने धातू भरून बैठक पुन्हा सपाट करावी लागते.

मशीनचं काम त्या मानाने सरळ आहे. ६३०९चं तोल-चक्र, म्हणजे पुढेमागे झुलून वेळ मोजणारं चाक, तासाला २१,६०० ठोके देतं, दिवसाला ५,१८,४००. तेल सुकून चिकट झालं की चक्राचा झोका आखडतो आणि वेळ हलते. सगळे भाग सुटे करून धुणं आणि मोजक्या जागी तेलाचे सूक्ष्म थेंब देणं, एवढाच उपाय. धुतल्याशिवाय नुसतं तेल सोडणाऱ्याकडे घड्याळ देऊ नये, जुन्या चिकटात नवं तेल मिसळून झीज वाढते.

अंधारात चमकणाऱ्या रंगाबाबत मात्र सावध राहा. घड्याळ १९६०च्या दशकाच्या आधीचं असेल तर काट्यांवर खरोखरचं, किरणोत्सारी रेडियम असू शकतं. रेडियम-२२६चा अर्धायुष्यकाल सुमारे १,६०० वर्षं, म्हणजे सत्तर वर्षांत ते जेमतेम तीन टक्के घटतं. रेडियमचे किरण पकडून उजळणारं झिंक सल्फाइड मात्र त्याच माऱ्याने खराब होतं. त्यामुळे घड्याळ आता चमकत नाही म्हणून ते निरुपद्रवी झालं, असं समजणं धोक्याचं. तो रंग खरवडू नये, त्याची भुकटी श्वासात किंवा पोटात जाता कामा नये. नंतरच्या स्विस घड्याळांत ट्रिटियम आलं, तेही किरणोत्सारीच. त्याचा अर्धायुष्यकाल १२.३ वर्षं, म्हणजे ४९ वर्षांत एक-षोडशांश उरतं. जपानच्या नेमोटो कंपनीने १९९३मध्ये स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटवर आधारलेला, अजिबात किरणोत्सारी नसलेला रंग आणला आणि हा प्रश्न संपवला.

चाचणी तीन पायऱ्यांत होते, आणि क्रम बदलू नये. आधी कोरडी: घड्याळ हवेच्या दाबाखाली ठेवून काच किती वाकते ते यंत्र मोजतं. हवा आत शिरत असेल तर आतबाहेरचा दाब सारखा होतो, काच सरळ होऊ लागते आणि गळती कळते. यात पास झालं तरच ओली, म्हणजे पाण्यात दाब देऊन. शेवटी तापवून पाहणं: घड्याळ ४०-४५ अंशांवर तापवायचं, काचेवर १८ ते २५ अंशांच्या पाण्याचा थेंब ठेवायचा, मिनिटाने पुसायचा. काचेच्या आतल्या बाजूला धुकं दिसलं तर पाणी आत आहे. डायव्हिंग घड्याळांच्या आयएसओ ६४२५ या मानकातली ही पद्धत आहे.

तबकडीचा निर्णय प्रत्येकाचा, पण माझं मत पक्कं आहे. मुंबईच्या बाजारात पुन्हा रंगवलेल्या तबकड्यांची घड्याळं ढिगाने मिळतात. काकांच्या तबकडीवर सहाच्या खुणेजवळ ओलीचा तपकिरी डाग आहे. तो मी तसाच ठेवायला सांगितला, केसच्या कडाही घासू दिल्या नाहीत. पॉलिशच्या चाकाखाली गेलेला धातू परत येत नाही. रबराच्या कड्या मात्र तिन्ही नव्या घातल्या, आणि कोरड्या चाचणीत चावीची कडी पहिल्यांदा नापास झाली म्हणून ती पुन्हा बदलून घेतली. चावीच सर्वांत आधी दगा देते, कारण फिरवली जाते ती एकटीच.