वार्धक्यातील स्वावलंबन (बेळगाव सीमाभाग)

उतारवयात स्वतःची नित्यकर्मे स्वतः करता येणे आणि राहणे, खाणे, पैसा व उपचार यांविषयीचे निर्णय स्वतःच्या हाती असणे, याला वार्धक्यातील स्वावलंबन म्हणतात. ते मोजताना अंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, उठबस, मलमूत्रावरील ताबा आणि जेवणे ही सहा मूलभूत कामे (कॅट्झ यांची १९६३ ची यादी) पाहतात. त्यांखेरीज स्वयंपाक, खरेदी, प्रवास, औषधे व पैशांचे व्यवहार यांसारखी अधिक गुंतागुंतीची कामेही (लॉटन व ब्रॉडी यांची १९६९ ची यादी) पाहतात. ही दुसऱ्या गटातील कामे बहुधा आधी सुटू लागतात.

बेळगाव, खानापूर व निपाणी भागांतील मराठी भाषक वृद्धांच्या बाबतीत या दुसऱ्या गटाची मोजणी सावधपणे केली पाहिजे. मराठी शाळेत शिकलेल्या, गुडघे व नजर शाबूत असलेल्या शेतकऱ्यालाही जमिनीचा कन्नड उतारा किंवा निवृत्तिवेतनाचा अर्ज नातवाकडून वाचून घ्यावा लागतो. हे परावलंबन वयातून आलेले नाही आणि कोणत्याही औषधाने ते जाणारे नाही. कर्नाटकाच्या संध्या सुरक्षा या वृद्ध निवृत्तिवेतन योजनेचा लाभ ६५ वर्षांवरील गरजू वृद्धांना मिळू शकतो, पण घरात कन्नड वाचणारे कोणी नसेल तर तिथवर पोहोचणेच अवघड होते. याउलट जून २०२३ पासून राज्यातील साध्या सरकारी बसमध्ये स्त्रियांना तिकीट पडत नाही, त्यामुळे दवाखान्यासाठी किंवा बाजारासाठी मुलाकडे पैसे मागण्याची वेळ अनेक आजींवरून टळली आहे.

शरीराच्या बाजूने सर्वांत मोठा धोका पडण्याचा असतो. खानापूरच्या दीर्घ पावसाळ्यात शेवाळलेले अंगण, ओली न्हाणी आणि उंच उंबरठे यांपासून विशेष जपावे लागते. पासष्टीनंतर आठवड्यातून किमान तीन दिवस तोल व ताकद वाढवणारे व्यायाम करावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. गावोगावच्या हरिपाठाला व भजनाला रोज चालत जाण्याने चालणेही होते आणि माणसांची सोबतही टिकते.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठीच्या २००७ च्या कायद्यानुसार मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. याच कायद्याच्या कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता ती अट मोडल्यास परत मिळवता येते. म्हणून बक्षीसपत्रात ही अट स्पष्ट लिहिलेली असावी आणि कन्नड दस्त असल्यास सही किंवा अंगठा करण्यापूर्वी तो लाभार्थ्याखेरीज दुसऱ्या जाणत्या व्यक्तीकडून मराठीत समजून घ्यावा.