पाच मुद्दे कॅल्विनचे नव्हेत
ख्रिस्ताने आपल्या मरणाने केलेल्या पापांच्या प्रायश्चित्ताची ताकद देवाने निवडलेल्या मोजक्यांपुरतीच आहे, असं सोळाव्या शतकातला प्रोटेस्टंट धर्मसुधारक जॉन कॅल्विन याने आपल्या ‘पाच मुद्द्यां’त लिहून ठेवलं, हे वर्षानुवर्षं सांगितलं जातं. कॅल्विन १५६४ मध्येच वारला. कॅल्विनपंथीयांची निवडीबद्दलची शिकवण न पटलेला डच धर्मपंडित आर्मिनियस, त्याच्या अनुयायांनी पाच कलमं मांडली १६१० मध्ये. त्यांना उत्तर दिलं ते नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या धर्मसभेने, १६१८-१९ मध्ये; ‘पाच मुद्दे’ आले ते त्या उत्तरातून. आणि त्या उत्तरात ख्रिस्ताच्या मरणाचं मोल अनंत, सगळ्या जगाच्या पापांना पुरून उरणारं आहे, असं स्वच्छ म्हटलंय! वाद होता तो देवाने ते मरण कोणाच्या तारणासाठी योजलं, यावर. तिथेही एकमत कुठलं? ख्रिस्त एका अर्थाने सर्वांसाठीच मेला असं मानणाऱ्या इंग्लंडच्या जॉन डॅव्हेनंट या सभेतल्या धर्मपंडितानेही त्याच मसुद्यावर सही केली. खुद्द कॅल्विनचं मत काय, यावर तर अभ्यासक अजून भांडतायत.