नव्या इलेक्ट्रिक गिटारच्या फिनिशमध्ये दोष : वॉरंटी नाकारली तर तक्रार कुठे, कोणत्या कागदांवर

गेल्या मे महिन्यात घाटंजी तालुक्यातल्या एका पोरानं आमच्या सेवा केंद्रात गिटार आणून टेबलावर ठेवली. भीमगीतांच्या पार्टीत वाजवतो. गिटार दीड महिन्याची. नेक (गिटारची लांब मान) बॉडीच्या खाचेत बसते तिथून केसासारखी रेघ निघालेली, ब्रिजमागं (बॉडीवर तारा टेकतात त्या पट्टीमागं) रंगाखाली मुगाएवढा बुडबुडा. विक्रेत्याचं उत्तर एका ओळीचं : ‘कॉस्मेटिक दोष वॉरंटीत येत नाही.’ पोरगा तिथंच हात टेकून बसला होता.

वॉरंटी हा कंपनीनं लिहिलेला कागद आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 त्याच्याहून मोठा. त्यात गुणवत्तेतली उणीव म्हणजे दोष, मग ती आवाजात असो की रंगात. वॉरंटी नाकारली म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही.

पण आधी गिटार नीट पाहा. टॉर्च आडवा धरून रेघेवरून नख फिरवा. नख अडकलं, किंवा नेक किंचित दाबल्यावर रेघ उघडली, तर चीर लाकडात असू शकते. तिला ‘रंगाची रेघ’ म्हणू नका. नायट्रोसेल्युलोज लॅकर (काही गिटारींवरचा पातळ, नाजूक लेप) असेल, तर ऊन-गारव्याच्या फरकानं त्यावर बारीक जाळी पडते. बहुतेक वॉरंटी ती आधीच वगळतात. पत्र्याच्या खोलीत 45 अंशांत ठेवलेल्या गिटारची, किंवा रबरी स्टँडमुळे डाग पडलेल्या लॅकरची तक्रार टिकत नाही. उन्हाळ्यात लाकूड सुकून फ्रेटची (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची) टोकं बोटाला टोचतात, तेही बहुतेक वेळा सेटअपचं, म्हणजे कारागिरानं घासून-जुळवून देण्याचं काम, दोष नव्हे.

तक्रार कोण करू शकतो? पैसे देऊन घेणारा. पार्टीत वाजवून पैसे मिळतात म्हणून ‘व्यावसायिक वापर’ असा शेरा मारून पोरांना घाबरवतात. स्वतः वाजवून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायदा त्यात धरत नाही. हे वाक्य तक्रारीत लिहाच.

सगळ्यात जास्त अडतं ते बिलावर. खेड्यात पार्सल येत नाही म्हणून यवतमाळच्या मावसभावाच्या खात्यावरून मागवतात आणि बिल त्याच्या नावावर निघतं. मग तक्रार त्याच्याच नावानं करा, किंवा तुम्ही पैसे दिल्याची नोंद आणि त्याचं शपथपत्र जोडा. बिलावर सिरीयल नंबर नसेल तर हेडस्टॉकच्या (नेकच्या टोकाच्या, खुंट्या असतात त्या भागाच्या) मागचा किंवा नेकप्लेटवरचा (नेक जोडणाऱ्या धातूच्या पट्टीवरचा) नंबर आणि खोक्यावरचं स्टिकर एका फोटोत येईल असं ठेवा. खोकं फेकू नका रे बाबांनो, ते पुरावा आहे.

दुसरा अडसर जॉबशीटचा, म्हणजे सर्व्हिस सेंटरनं गिटार तपासल्याच्या लेखी कागदाचा. सर्व्हिसवाले गिटार बघतात, तोंडी ‘नाही’ म्हणतात आणि परत देतात. लेखी नकार मागा. देत नसतील तर त्याच दिवशी ईमेल करा : ‘आज दाखवली, तुम्ही अमुक कारणानं नाकारली.’ गिटार दुरुस्त करणाऱ्या कारागिराचं सहीनिशी मतही जोडा. फोटो आणि व्हॉट्सअॅपसाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम 63 चं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागू शकतं, वकिलाकडून नमुना घ्या.

मुदतीत लोक हमखास फसतात. परतीचे सात किंवा दहा दिवस वेगळे, वॉरंटीचं वर्ष वेगळं आणि आयोगाची मुदत वेगळी : तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षं. ईमेल करत बसल्यानं ही मुदत वाढत नाही. मी सगळ्यांना डिलिव्हरीच्या तारखेपासूनच मोजायला सांगतो. उशीर झालाच तर कारणासह विलंबमाफीचा अर्ज द्यावा लागतो.

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून नंबर मिळाला की ‘केस टाकली’ असं समजणारे दर महिन्याला भेटतात. ती हेल्पलाइन मध्यस्थी करते, आदेश देत नाही. ऑनलाइन विक्रेत्याच्या तक्रार अधिकाऱ्यालाही लिहा. त्यानं 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. त्यानंतर नोटीस पाठवा आणि थेट आयोगात जा.

विक्रेता बंगळुरूचा असला तरी तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगात अर्ज होतो. वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य; इथं दिलेली किंमत बघतात, मागितलेली भरपाई नाही. वकील सक्तीचा नाही. ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या ऑनलाइन पोर्टलवर नोंदणी, तक्रार, शपथपत्र आणि कागद अपलोड, एवढंच. सुनावणी व्हिडिओवर व्हावी असा अर्जही देता येतो. समोरच्याला उत्तरासाठी 30 दिवस, फार तर आणखी 15. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाचांत, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडतात आणि लांबून येणाऱ्या माणसाचा रोज बुडतो, हे मला पटत नाही.

तोवर गावातल्या पेंटरकडून टचअप करून घेऊ नका, फेविक्विक तर लावूच नका. ‘तुम्हीच छेडछाड केली’ हे उत्तर तिथूनच येतं.