दुतोंड्या मारुतीला केलेला नमस्कार पोचतो कुठे?

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिकमधे क्युसेकचा आकडा कुणी विचारत नाही, विचारतात ते एवढंच की "दुतोंड्याला कुठवर लागलंय?" बाहेरगावच्यांसाठी सांगतो, रामकुंडाजवळ नदीच्या पात्रातच हा भलामोठा मारुती उभा आहे, पुढूनही तोंड आणि मागूनही तोंड म्हणून दुतोंड्या, आणि आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो त्यामुळे पुढे गंगा गंगा आलं तर गोंधळू नका. पाणी त्याच्या पायाशी असेल तर ठीक, कमरेला आलं की घाटावरचे टपरीवाले आवराआवर करतात, छातीला लागलं की सराफ बाजार, भांडी बाजारातली मंडळी माल वर चढवायला घेतात. म्हणजे बघा, देव पण तोच आणि मोजपट्टी पण तोच.

२०१९ च्या ऑगस्टमधे मोठा पूर आला तेव्हा मी आणि आई मालेगाव स्टँडकडून उतरून पोलीस जिथवर सोडत होते तिथवर गेलो होतो. पाणी मारुतीच्या छातीच्या वर चढत होतं. लोक मोबाइल वर धरून शूटिंग करत होते, आणि आईने हात जोडले आणि अगदी हळू म्हणाली, "बस कर रे बाबा आता."

मी म्हटलं आई, मूर्ती आहे ती, तिला काय कळणार, आणि पाणी धरणातून सोडलंय. त्यावर ती म्हणाली, "मग काय त्या धरणाच्या इंजिनिअरशी बोलू? त्याचा नंबर आहे का तुझ्याकडे?"

नंबर नव्हता. पण तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात बसलाय. समजा, फक्त समजा, देव नाहीये. मग ते "बस कर रे बाबा" गेलं कुणाला? देव आहे की नाही यात मी पडत नाही, तो वाद चहाच्या टपरीवर रोज चालतो. मला इंटरेस्ट आहे तो हात जोडणाऱ्या माणसाच्या डोक्यात त्या क्षणी काय चालू असतं यात, कारण ते थोडंफार मोजता येतं आणि लोकांनी मोजलंय पण.

सुरुवात एका साध्या फिल्मपासून करू. १९४४ मधे फ्रिट्झ हायडर आणि मरियान सिमेल या दोघांनी एक छोटीशी अ‍ॅनिमेशन फिल्म बनवली, त्यात एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण, एक गोल आणि एक चौकट, बस. ते आकार इकडून तिकडे सरकतात. ३४ जणांना दाखवली आणि विचारलं काय दिसलं. एक जण सोडून बाकी सगळ्यांनी गोष्ट सांगितली, मोठा दादागिरी करतोय, छोटा भांडतोय, गोल घाबरलाय वगैरे. भूमितीच्या भाषेत बोलणारा एकच निघाला. आपला मेंदू असाच आहे, जरा काही आपलं आपलं हललं की त्यात "कोणीतरी" दिसतं, आणि त्याचं मन पण दिसतं.

असं का याचं एक उत्तर स्टुअर्ट गथ्री या मानववंशशास्त्रज्ञाने दिलंय, ते निफाडच्या शेतकऱ्याला लगेच पटेल. रात्री लाइट आली म्हणून पाणी द्यायला गेलात आणि उसात खसफस झाली. वारा असेल किंवा बिबट्या असेल. वाऱ्याला बिबट्या समजलात तर फार तर पळापळ होईल, पण बिबट्याला वारा समजलात तर संपलं. त्यामुळे लाखो वर्षांत ज्यांचे मेंदू उगाचच "कोणीतरी आहे" म्हणून घाबरत होते ते टिकले आणि आपण त्यांचीच पोरं. त्यामुळे पूर, साथ, गारपीट, सगळ्याच्या मागे आपल्याला कोणीतरी हवंच असतं.

ही थिअरी ऐकायला भारी आहे पण मला ती अर्धवट वाटते. उसात बॅटरी मारली आणि काही दिसलं नाही की बिबट्याची भीती जाते की हो. कोणीतरी आहे असं वाटणं वेगळं, आणि त्या कोणीतरीला रोज सकाळी उठून हार घालणं, त्याच्यावर रुसणं, त्याला नवस बोलणं हे फारच पुढचं झालं. भीतीने एवढं होत नाही, त्याला नातं लागतं.

आणि इथेच डेन्मार्कमधला एक प्रयोग मला सगळ्यात जास्त आवडतो. उफे श्योट आणि त्याच्या टीमने २० कट्टर श्रद्धाळू ख्रिश्चन लोकांना मेंदूच्या स्कॅनर मशीनमधे झोपवलं. आधी त्यांना पाठ असलेली प्रार्थना म्हणायला लावली, आपण जसं अथर्वशीर्ष म्हणताना मनात भाजी कुठली करायची याचा विचार करू शकतो तसली. मग सांगितलं आता तुमच्या शब्दांत देवाशी बोला. आणि तुलनेसाठी सांताक्लॉजकडे काहीतरी मागायला सांगितलं. २००९ मधे छापून आलेला रिझल्ट असा की स्वतःच्या शब्दांत देवाशी बोलताना मेंदूतले ते भाग कामाला लागले जे समोरच्या माणसाच्या मनात काय चाललंय याचा अंदाज घेताना लागतात. सांताक्लॉजच्या वेळी तसं झालं नाही, कारण तो खोटा आहे हे त्यांना पक्कं माहिती होतं.

म्हणजे मेंदूच्या लेखी आईचं "बस कर रे बाबा" हे मावशीला फोन लावण्यासारखंच होतं. आता २० माणसं म्हणजे फार नाहीत, आणि यातून देव आहे किंवा नाही काहीच सिद्ध होत नाही, कारण पलीकडे खरंच कोणी असतं तरी हेच भाग कामाला लागले असते. पण माणूस हात जोडतो तेव्हा त्याच्यासमोर "विश्वाची शक्ती" वगैरे नसते, असते एक व्यक्ती. शिकलेली माणसं "मी मूर्तीला नाही एनर्जीला मानतो" म्हणतात ना, तेव्हा मला हसू येतं. एनर्जीला कोणी बाबा म्हणत नाही.

हे अजून स्पष्ट दाखवलं जस्टिन बॅरेट आणि फ्रँक काइल यांनी, १९९६ मधे. लोकांना सरळ विचारलं तर सगळे शहाण्यासारखं बोलतात, देव सगळीकडे असतो, एकाच वेळी सगळं ऐकतो. मग त्यांना गोष्टी ऐकवल्या. एका गोष्टीत एक मुलगा जोराच्या प्रवाहात अडकतो, पाय दगडात सापडतो, तो देवाचा धावा करतो, आणि देव त्या वेळी जगात दुसरीकडे एक प्रार्थना पूर्ण करत असतो. नंतर गोष्ट आठवायला लावली तर बरेच जण असं आठवत होते की देवाने आधी तिकडचं काम आटपलं आणि मग इकडे आला. गोष्टीत असं कुठेच नव्हतं! पुढे बॅरेटने उत्तर भारतातल्या हिंदू लोकांवर हेच विष्णू, शंकर, कृष्ण यांची नावं घेऊन केलं आणि चित्र साधारण तेच आलं. मला यात काही नवल वाटलं नाही कारण माझी मावशी श्रावणी सोमवारी त्र्यंबकला जातच नाही. "एवढ्या गर्दीत त्याचं लक्ष कुठं जाणार माझ्याकडं, मी आपली बुधवारी निवांत जाते."

बरं, ही जी व्यक्ती आपण उभी करतो तिची मतं कुठून येतात? निकोलस एप्लीने २००९ मधे अमेरिकेत हे तपासलं. एखाद्या विषयावर तुमचं मत काय, जॉर्ज बुशचं काय असेल, बिल गेट्सचं काय असेल, सामान्य अमेरिकन माणसाचं काय असेल, आणि देवाचं काय असेल. इतर माणसांच्या बाबतीत लोक आपल्यापेक्षा वेगळं मत असू शकतं हे धरून चालतात, पण देवाचं मत स्वतःच्या मताला बऱ्यापैकी चिकटलेलं निघालं. त्याहून गंमत म्हणजे प्रयोगात थोडी युक्ती करून लोकांचं स्वतःचं मत जरा सरकवलं तर देवाचं मत पण त्यांच्याबरोबर सरकलं. आमच्या घरी "देवाला हे चालत नाही" या यादीत नेमक्या त्याच गोष्टी आहेत ज्या आईला चालत नाहीत, आणि मला लहानपणापासून वाटायचं काय योगायोग आहे.

मग काय माणूस आरशाची पूजा करतो? काही प्रमाणात हो. पण एकट्याचा आरसा असता तर एवढी देवळं लागली नसती.

दुतोंड्याच्या जवळच गंगेवर यशवंतराव महाराज पटांगण आहे. हे यशवंतराव म्हणजे यशवंत महादेव भोसेकर, सटाण्याचे मामलेदार, चक्क इंग्रज सरकारचे नोकर. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिन्यातले १ लाख २७ हजार रुपये लोकांना वाटून टाकले. लोकांनी त्यांना जिवंतपणीच देव मामलेदार केलं, १८८७ मधे ते नाशिकला वारले आणि इथे त्यांचं मंदिर झालं. चौकशीला साहेब आला तेव्हा खजिना भरलेलाच निघाला अशी आख्यायिका आहे. आख्यायिका सोडा, पण कचेरीत खेटे घालून चपला झिजवलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, तिजोरी उघडून देणारा मामलेदार देवच वाटणार ना. इथे लोक कशाची पूजा करतात हे शोधायला मेंदूचा स्कॅन लागत नाही.

एमिल दुर्खीम नावाचा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ १९१२ मधे नेमकं हेच म्हणत होता. तो स्वतः कधी ऑस्ट्रेलियाला गेला नाही, पण तिथल्या आदिवासी टोळ्यांच्या कुलचिन्हांबद्दल जे छापून आलं होतं ते त्याने पिंजून काढलं. आपल्याकडे लग्नात देवक बसवतात ना, साधारण तसलीच गोष्ट. त्याच्या लक्षात आलं की कुलचिन्ह असलेला प्राणी कधीकधी साधा किडा असतो, आणि त्या किड्यापेक्षा त्याचं चित्र जास्त पवित्र मानतात. म्हणजे पवित्र काय आहे तर ती टोळी. एकत्र जमून नाचल्यावर अंगात जे भरतं ते माणसाला स्वतःपेक्षा मोठं वाटतं, आणि खरंच मोठं असतंच, फक्त त्याला तो देवाचं नाव देतो.

दुर्खीमचं सगळं पटत नाही मला, एकट्याने रात्री दोन वाजता देवाला हाक मारणारा माणूस त्यात बसत नाही. पण सिंहस्थ बघितलेल्या नाशिककराला गर्दीचं वेगळं सांगायला नको. २०११ च्या प्रयागच्या माघ मेळ्यात भारतीय आणि ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी मिळून ४१६ कल्पवासी (म्हणजे महिनाभर नदीकाठी मुक्काम करणारे यात्रेकरू) आणि मेळ्याला न गेलेले १२७ जण यांची मेळ्याआधी आणि नंतर विचारपूस केली. कडाक्याची थंडी, गार पाण्यात आंघोळ, रात्रंदिवस भोंगे, आणि तरी कल्पवाशांना आधीपेक्षा बरं वाटत होतं, घरी बसलेल्यांना तसा फरक नाही. याच मंडळींनी आणखी एक केलं, एकच गोंगाट ऐकवला, काहींना सांगितलं हा मेळ्यातला आवाज आहे, काहींना सांगितलं शहरातला. मेळ्यातला समजून ऐकणाऱ्यांनी तो जास्त वेळ ऐकला आणि त्यांना तो बरा पण वाटला. आवाज तोच हं.

आणि आपलं कोण आणि बाहेरचं कोण हे देवळाचं दारच ठरवतं, याचा नाशिकइतका मोठा पुरावा दुसरीकडे सापडणार नाही. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळारामाचा सत्याग्रह सुरू झाला, इथली बाजू दादासाहेब गायकवाड सांभाळत होते, हजारो लोक आले आणि दारं बंद. पुढे काही वर्षं हे चाललं. आतल्या काळ्या दगडाच्या मूर्तीचं दर्शन एवढाच मुद्दा असता तर दोन्ही बाजूंनी एवढं रक्त आटवलं नसतं. बाबासाहेबांना माणूस म्हणून बरोबरीचा हक्क हवा होता, आणि दार लावणाऱ्यांना नेमकं तेच द्यायचं नव्हतं. १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यात येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. देव आहे की नाही हा प्रश्न त्या दाराशी कुणी विचारलाच नव्हता.

२०२२ मधे सप्तशृंगी गडावर देवीच्या अंगावरचा वर्षानुवर्षं साठलेला शेंदूर काढला, हजार किलोच्या वर निघाला, त्यासाठी मंदिर दीड महिना बंद होतं. आतून कोरीव मूळ रूप दिसलं आणि त्याचे फोटो सगळ्या ग्रुपवर फिरले. मी आईला दाखवला. बराच वेळ झूम करून बघत बसली. "ही आपली वाटत नाही," म्हणाली. मग दोनेक मिनिटांनी फोन परत मागून घेतला. "नाही, डोळे तेच आहेत. वळखती मला."

त्या २०१९ च्या पुराचं राहिलं. पाणी उतरल्यावर आम्ही परत गंगेवर गेलो. घाटावर गुडघाभर गाळ, लोक झाडू घेऊन भिडलेले, मारुतीच्या हाताला कुणाची तरी साडी आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकलेल्या. आईने लांबूनच बघितलं, हात जोडले नाहीत.

"भिजलास ना," एवढंच म्हणाली.